वेंगुर्ल्याचे जळके खडक : होडीतून पक्षी पाहण्याचा इतिहास

१/
डिसेंबर १८८५. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन पुण्यात भरावयाचे ठरले होते. ऐन वेळी शहरात पटकीची साथ पसरली आणि अधिवेशन मुंबईस, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलवावे लागले. एवढी गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असते. त्या अधिवेशनासाठी सर्वाधिक खटपट करणारा ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हा माणूस दहा वर्षे आधी, १८७५ साली, कोकणच्या समुद्रातील काही उघड्याबोडक्या खडकांवर पाकोळ्यांच्या शोधात गेला होता, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. आजचा धागा त्या खडकांविषयी, तेथील पाखरांविषयी आणि होडीत बसून ती पाहू इच्छिणाऱ्या तुमच्या-माझ्याविषयी आहे.

२/
हे खडक वेंगुर्ल्यापासून वायव्येस, भर समुद्रात, सुमारे १४ किलोमीटरवर आहेत. पोर्तुगीज दर्यावर्दी त्यांना 'जळकी बेटे' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. इंग्रजांनी तेच नाव आपल्या भाषेत नेऊन 'बर्न्ट आयलंड्स' केले. आज पर्यटकांच्या तोंडी 'निवती रॉक' हे नाव आहे. गोव्याकडे जाणाऱ्या गलबतांना ही मोठी खूण होती आणि रात्रीच्या वेळी मोठा धोकाही. म्हणूनच ब्रिटिश अमदानीत येथे दीपगृह उभे राहिले. समोरच्या वेंगुर्ल्यात सतराव्या शतकात डचांची वखार होती. शिवकालाच्या अभ्यासकांना वेंगुर्ल्याहून गेलेली डच पत्रे परिचित आहेत. ती पत्रे नेणाऱ्या जहाजांवरील खलाशांनी हे खडक अनेकदा पाहिले असतील.

३/
खडकांवर वस्ती दोन प्रकारच्या पाखरांची. पहिली भारतीय पाकोळी. चिमणीएवढी, काळपट तपकिरी, क्षणभरही न थांबणारी. ती समुद्राने कोरलेल्या अंधाऱ्या घळीत घरटे करते. घळीत दिसत नाही म्हणून ती टिकटिक असा आवाज करते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून भिंतीचा अंदाज घेते. वटवाघळांची युक्ती फार थोड्या पक्ष्यांना साधली आहे, त्यांतली ही एक. घरटे म्हणजे कातळाला चिकटवलेली अर्धी वाटी. तिचा गिलावा पाकोळीच्या स्वतःच्या लाळेचा, त्यात पिसे आणि काडीकचरा मिसळलेला. असे एक घरटे पुरे व्हायला कित्येक दिवस लागतात.

४/
त्या लाळेनेच पाकोळीवर संकट आणले. चीनमध्ये पाकोळ्यांच्या घरट्यांचे सूप शतकानुशतके श्रीमंतांच्या पंगतीत मानाचे मानले गेले आहे. आग्नेय आशियातील पांढऱ्या घरट्यांना मोठे मोल. आपल्याकडच्या पिसे मिसळलेल्या घरट्यांना त्याहून कमी, तरीही खडकावर चढण्याचा धोका पत्करावा इतके. मसाल्याच्या व्यापाराचा इतिहास आपण पुष्कळ वाचतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका ओसाड घळीतून पाखराची लाळ पूर्वेकडच्या बाजारात जात होती, हाही त्याच समुद्री व्यापाराचा एक लहानसा धागा आहे.

५/
दुसरी वस्ती सुरय पक्ष्यांची. नदीकाठचा सुरय तुम्ही उजनीच्या पाण्यावर पाहिला असेल: टोकदार पंख, दुभंगलेली शेपटी, पाण्यावर सूर मारण्याची ऐट. समुद्री सुरयांच्या काही जाती वर्षातील बहुतेक काळ उघड्या समुद्रावर काढतात आणि जमिनीला पाय लावतात तो केवळ विणीसाठी. या खडकांवर वीण करणारा काळसर पाठीचा सुरय कपारीत, दगडाच्या आडोशाला एकच अंडे घालतो. वर्षाची सारी आशा त्या एका अंड्यात. ते गेले तर त्या जोडीचे ते वर्ष बहुधा वाया जाते.

६/
आता वेळापत्रक पाहा. हे सुरय उन्हाळ्याच्या उत्तरार्धात खडकांवर जमतात आणि त्यांची वीण पावसाळ्यात जाते. नेमका त्याच काळात आपला समुद्र बंद होतो. कोळी-गाबितांच्या होड्या मृगाच्या आधी ओढून किनाऱ्यावर शाकारल्या जात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्यावर पुन्हा पाण्यात लोटल्या जात. हा रिवाज पाखरांसाठी नव्हता. उधाणलेल्या समुद्राची भीती आणि माशांच्या विणीचे ज्ञान त्यामागे होते. पण परिणाम असा की, खडकावर अंडी आणि पिल्ले असताना तेथे माणूस पोहोचतच नसे. आज जून-जुलैतील यांत्रिक मासेमारीची बंदी आणि मेअखेरपासून पर्यटक-होड्यांना मिळणारी विश्रांती याच जुन्या रिवाजाची सरकारी रूपे आहेत.

७/
समुद्री पाखरे पाहण्यासाठी होडीतून सहल काढण्याची प्रथा कुठून आली, याचा शोध घेतला तर आपण इंग्लंडच्या यॉर्कशर किनाऱ्यावर पोहोचतो. तेथील फ्लॅम्बरो या खडूच्या कड्यांवर हजारो समुद्री पक्षी वीण करतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेल्वे आली आणि शहरांतून सहलींचे लोंढे येऊ लागले. स्थानिक नावाडी त्यांना कड्याखाली नेत. सहलकऱ्यांच्या हाती दुर्बिणी नसून बंदुका असत. घरट्यावर बसलेली पाखरे होडीतूनच टिपली जात. काही नुसती गंमत म्हणून, काही बायकांच्या टोप्यांवरील पिसांसाठी. आई-बाप मेलेली पिल्ले कड्यावर उपाशी मरत.

८/
या पाखरांना तेथील खलाशी 'फ्लॅम्बरोचे वाटाडे' म्हणत, कारण दाट धुक्यात कडा दिसत नसे तेव्हा त्यांच्या कलकलाटावरून खडक जवळ आल्याचे कळे. पाखरे कमी झाली तसा तो इशाराही क्षीण होऊ लागला. १८६८ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ आल्फ्रेड न्यूटन यांनी या हत्येविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला. ब्रिडलिंग्टनचे धर्मोपदेशक बार्न्स-लॉरेन्स यांनी स्थानिक लोक संघटित केले. १८६९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने समुद्री पक्षी संरक्षणाचा कायदा संमत केला. १ एप्रिल ते १ ऑगस्ट हा त्यात ठरवलेला बंद काळ होता. जे कोकणात पावसाळा आणि रिवाज मिळून करीत होते, ते तेथे कायद्याने करावे लागले.

९/
या कायद्यानंतर सहाच वर्षांनी ह्यूम आपल्या किनाऱ्यावर आला. त्याची पद्धत त्या काळाचीच होती: पक्षी मारावा, कातडे सोलून जपावे, मोजमाप लिहावे. या प्रवासाचा वृत्तांत त्याने १८७६ मध्ये 'स्ट्रे फेदर्स' या स्वतःच्या नियतकालिकात छापला. पुढे सिमल्याच्या त्याच्या घरातील पक्षिशास्त्राची हस्तलिखिते, वर्षानुवर्षांचे काम, नोकराने रद्दीत विकून टाकली. ह्यूम इतका खचला की त्याने आपला सारा संग्रह, ऐंशी हजारांच्या आसपास कातडी आणि अंडी, ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. संग्रह लंडनला रवाना झाला ते साल १८८५. पक्षिशास्त्रातून मोकळा झालेला हा माणूस त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय सभेच्या कामात बुडालेला होता. रद्दीत गेलेल्या दप्तरांच्या कथा पुण्याच्या इतिहासप्रेमींना नव्या नाहीत. ही त्यांतली पाखरांची कथा.

१०/
ह्यूमनंतर मुलकी सेवेतील जी. डब्ल्यू. विडाल याने दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी १८८० मध्ये प्रसिद्ध केली. रत्नागिरी आणि सावंतवाडीचे गॅझेटियरही त्याच वर्षीचे. १९४० च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हुमायून अब्दुलअली या खडकांवर गेले आणि तेथील पाकोळ्या व सुरय यांवर सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी लेख लिहिले. म्हणजे सुमारे पासष्ट वर्षांच्या अंतराने दोन साक्षी आपल्यापाशी आहेत. इतिहासाच्या भाषेत सांगायचे तर, एकाच स्थळाची दोन समकालीन साधने. पाखरे होती, कोणती होती, कोणत्या महिन्यात होती, हे अशा लेखांमुळेच आपण आज सांगू शकतो.

११/
या साधनांच्या यादीत मराठी कागद का नाही, हा प्रश्न मला बराच काळ छळत होता. पुणे सत्तेचे केंद्र असताना समुद्र पुण्याच्या कागदांत येतो तो आरमार, जकात, कौल आणि लढाई या रूपांत. फेब्रुवारी १७५६ मध्ये नानासाहेब पेशव्यांशी संगनमत करून इंग्रजांनी विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळले. त्यानंतर तर समुद्राकडे पाहण्याचे आपले डोळेच अधू झाले. विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभरावर किलोमीटर अंतरावर पाण्याखाली प्रवाळांचे एक विस्तीर्ण पठार आहे. जगाच्या नकाशावर त्याचे नाव 'आंग्रिया बँक'. नाव आंग्र्यांचे, ठेवले परक्यांनी. आपल्यापैकी अनेकांना ते नाव वर्तमानपत्रांतून कळले, तेही अलीकडे.

१२/
हा प्रश्न मनात घेऊनच मी एका वर्षी मेच्या मध्यास पुण्याहून निघाले. रात्रभराचा प्रवास करून निवतीला पोहोचले तेव्हा पहाटेचा मतलई वारा अजून वाहत होता. होडीत आम्ही आठ जण. तांडेल पन्नाशीचा, अंगात फिकट सदरा, बोलणे मोजके. त्याने आधी सगळ्यांच्या अंगावर जॅकेटे चढवली, मग एकच सूचना दिली: खडकाजवळ कुणी उभे राहायचे नाही आणि ओरडायचे नाही. किनारा मागे पडत गेला, पाणी हिरव्याचे निळे झाले आणि तासाभराने दीपगृहाचा मनोरा स्पष्ट दिसू लागला.

१३/
खडकापासून शंभरेक मीटरवर त्याने इंजिन बंद केले. त्या शांततेत प्रथम आवाज ऐकू आला, मग पाखरे दिसली. कातळाच्या माथ्यावर सुरयांचे थवे उठत होते, वळत होते, बसत होते. एका घळीच्या काळ्या तोंडाशी पाकोळ्यांची सतत ये-जा चालली होती. आत जाणारी आणि बाहेर पडणारी यांचा हिशेब डोळ्यांना लागत नव्हता. कड्याच्या उंच टोकावर पांढऱ्या छातीचा एक सागरी गरुड निश्चल बसला होता. ह्यूमच्या वृत्तांतातील ती जागा समोर होती, आणि घळीत जाणारी पाकोळीही तीच. दीडशे वर्षांचा काळ मला तेव्हा फार मोठा वाटला नाही.

१४/
आमच्यातील एका तरुणाला खडकावर उतरून चित्रफीत घ्यायची होती. "काका, जरा होडी टेकवा की. दोन मिनिटांत वर जाऊन येतो. पाचशे जास्त देतो."
तांडेलाने वल्हे हातातून सोडले नाही.
"नाय. होडी हंयच थांबतली. आता पाखरां उठली तर अंडी उन्हात भाजतली. आणि वर गरूड बसलेलो आसा, तेका आयतां गावतलां."
तरुणाने हजार रुपये देऊ केले. तांडेल हसला, म्हणाला, "पैशे परत येतत, पाखरां नाय येवची." परतीच्या वाटेवर तो तरुण गप्प होता. उतरताना तो तांडेलाकडे न पाहताच निघून गेला.

१५/
त्या दिवशी तांडेलाने हजार रुपये गमावले. पावसाळ्याचे तीन महिने होडी किनाऱ्यावर राहणार असताना हजार रुपये म्हणजे घरचा बाजार. म्हणूनच मला तो प्रसंग पुन्हा पुन्हा आठवतो. संरक्षणाची चर्चा आपण पुण्याच्या सभागृहांत करतो. प्रत्यक्ष निर्णय मात्र भर समुद्रात, आठ अनोळखी माणसांच्या देखत, एका होडीवाल्याला एकट्याने घ्यावा लागतो. त्याने 'नाही' म्हटले तर नुकसान त्याचे. 'हो' म्हटले तर नुकसान कुणाला दिसतही नाही. उन्हात तापलेले अंडे आवाज करीत नाही.

१६/
खडकावर चढणारा प्रत्येक जण चित्रफितीसाठीच चढतो असेही नाही. २००१ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने या खडकांवर पाकोळ्यांची घरटी चोरून काढली जात असल्याचे उघडकीस आणले आणि त्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले. भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी पुढे सागरी गरुडांची पाहणी करीत किनाऱ्याने फिरत असताना २००२ मध्ये वेळास येथे त्यांना कासवाचे रिकामे केलेले घरटे आढळले. त्यातून कासव संवर्धनाचे आणि नंतर कासव महोत्सवाचे काम उभे राहिले. वेळास हे नाना फडणवीसांच्या घराण्याचे मूळ गाव. पुण्यातील नानावाडा पाहणाऱ्याने वेळासही पाहावे. तेथे गावकऱ्यांच्या घरी जेवण मिळते आणि पिल्ले समुद्राकडे जाताना दोरीबाहेर उभे राहून पाहावी लागतात. ती दोरी फार महत्त्वाची आहे.

१७/
समुद्रावर अशी दोरी बांधता येत नाही. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी ज्याची मुहूर्तमेढ रोवली गेली त्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाणी १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्याचा भाग आहे. अभयारण्य जाहीर झाले तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला, आणि त्यांची भीती समजण्यासारखी होती: पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यावर पोट भरले ते उद्या परके होईल. तिथला समुद्र ज्याला तळहातासारखा ठाऊक आहे त्यालाच वाटाड्याचे काम आणि त्या कामाचे योग्य मोल मिळाले, तर ही भीती कमी होण्याचा मार्ग निघतो. डॉल्फिन दाखवणाऱ्या, खडकाला लांबून फेरी घालणाऱ्या होड्यांचे खरे महत्त्व येथे आहे.

१८/
तुम्ही अशा सहलीला जाल तेव्हा काही गोष्टी आधीच ठरवून जा. परवानगी असलेली होडी घ्या आणि जॅकेट अंगावर ठेवा. डॉल्फिनांच्या पाठलागाचा आग्रह धरू नका. होडी बाजूने, संथ गतीने चालू द्या, वाटले तर ते स्वतःच जवळ येतात. विणीच्या खडकावर उतरण्याची मागणी करू नका. भोंगा, ढोल, ड्रोन यांपैकी काहीही नको. पाखरांचा थवा एकदम वर उठून डोक्यावर घिरट्या घालू लागला तर समजावे की आपण फार जवळ आलो. होडी मागे घ्यायला सांगा. आणि जो तांडेल 'नाही' म्हणतो त्याला ठरल्यापेक्षा थोडे अधिक पैसे द्या. मी त्या दिवशी तसे केले. त्याने आधी नको म्हटले, मग घेतले.

१९/
राहता राहिला मराठी साधनांचा प्रश्न. चित्र बदलते आहे. पुण्याच्या सतीश पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाट, कोकण आणि मलबारच्या पक्ष्यांवर २००३ मध्ये काढलेला ग्रंथ अनेक घरांत आहे. पण प्रत्येकाने ग्रंथच लिहिला पाहिजे असे नाही. होडीत बसताना एक वही ठेवा. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, खडकापासूनचे अंतर, कोणती पाखरे, अंदाजे किती, काय करीत होती, हे मराठीत लिहा. जे ओळखता आले नाही त्याचे वर्णन लिहा. तांडेलाने जे नाव सांगितले तेही त्याच्याच उच्चारात लिहा. ती नावे कोणत्याही गॅझेटियरमध्ये सापडणार नाहीत.

२०/
ह्यूम आणि अब्दुलअली यांच्या नोंदींत जेवढा काळ गेला, त्याहून अधिक काळ अब्दुलअलींनंतर आता गेला आहे. या अवधीत त्या खडकांवर काय घडले याचे तुकडे संशोधकांच्या लेखांत मिळतात. सलग हकीकत मात्र निवती, भोगवे, वेंगुर्ल्याच्या होडीवाल्यांच्या स्मरणात आहे आणि स्मरण माणसाबरोबर जाते. पन्नास वर्षांनी कुणी विचारील, येथे सुरयांची वीण होत होती का, घळीत पाकोळ्या होत्या का? त्याला उत्तर देणारा कागद तुमच्या वहीतील असू शकेल. खडकाला पाय न लावता, शंभर मीटरवरून लिहिलेला.